काठीच्या होळीचा फोटो: आयएसओ ६४०० वर ज्वाळा का गेल्या, चेहरे का फाटले

अक्कलकुवा तालुक्यात मोलगीजवळच्या काठी गावची राजवाडी होळी साऱ्या सातपुड्यात प्रसिद्ध आहे. रात्रभर ढोल चालतो. कमरेला घुंगरू आणि भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी अशा वेशात नाचणाऱ्यांचे घोळके येत राहतात आणि होळी पेटते ती पहाटे. कॅमेऱ्यासाठी याहून अवघड प्रसंग खानदेशात क्वचितच सापडेल. एकाच चौकटीत उघडी आग, आगीच्या उजेडातले चेहरे, आगीकडे पाठ करून उभी असलेली माणसे आणि मागे काळोखा डोंगर असतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका व्यावसायिक फोटोग्राफरने इथे काढलेली एक फ्रेम हे या अभ्यासाचे प्रकरण आहे. कॅमेरा फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर), २४ मेगापिक्सेलचा, मिररलेस. लेन्स ३५ मिमी, एफ १.८ पर्यंत उघडणारी (एफचा आकडा लहान तेवढे छिद्र मोठे). मात्र कडा धारदार याव्यात म्हणून एफ २.८ वर ठेवलेली. शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती फुगवायचा ते ठरवणारी सेटिंग) ६४००, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) उन्हाचा, सायलेंट शटर चालू, पुढे यूव्ही फिल्टर. रॉ (सेन्सरचे कच्चे आकडे) आणि जेपीजी (कॅमेऱ्याने तयार केलेला फोटो) दोन्ही साठवलेले. फोटो २४ बाय ३६ इंचात छापायचा होता.

लॅबमधून आलेल्या नमुना प्रिंटवर तीन दोष दिसले. ज्वाळांत कसलाही आकार उरला नव्हता, सगळीकडे सपाट पिवळा रंग. चेहऱ्यांची अंधारातली बाजू जांभळट दाण्यांनी भरलेली, फोटोग्राफरांच्या भाषेत ‘फाटलेली’. आणि डावीकडे, गावाच्या दिशेला उभ्या असलेल्या गर्दीवर आडवे काळे-उजळ पट्टे. सेन्सर बिघडला असावा किंवा निदान तो कमी पडतो, आता दुप्पट किमतीची बॉडी घ्यावी, असा विचार सुरू झाला होता. सेन्सर बिघडलेला नव्हता. नवी बॉडी घेतली असती तरी याच सेटिंगवर पहिले दोन दोष जवळपास जसेच्या तसे आले असते.

प्रकरण उलगडले ते कार्डवरच्या दुसऱ्या एका फ्रेममुळे. काही मिनिटे आधीची, तीच जागा, तेच एफ २.८, तेच १/२५०, पण आयएसओ ८००. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती जवळजवळ काळी दिसते आणि निवड करताना ती बाद ठरली होती.

रॉ फाइलमधले आकडे

दोन्ही रॉ फाइली रॉडिगर या प्रोग्रॅममध्ये उघडून रंगांत रूपांतर होण्याआधीचे कच्चे आकडे पाहिले. पडद्यावर दिसतो त्या फोटोवरून असा तपास करता येत नाही, कारण त्यात व्हाइट बॅलन्स, टोन कर्व्ह (उजेड-सावल्यांची फेरमांडणी) आणि नॉइज रिडक्शन (दाणा पुसण्याची प्रक्रिया) मिसळलेले असते. या कॅमेऱ्यात काळी पातळी ५१२ आहे, म्हणजे शून्य प्रकाशाला ५१२ हा आकडा. आणि १४ बिटची कमाल १६,३८३.

आता हे आकडे इलेक्ट्रॉनमध्ये बदलू, कारण सेन्सरच्या खऱ्या मर्यादा तिथेच कळतात. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम सेन्सरचा पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉन रुंद असतो. त्यावर पडलेल्या प्रकाशकणांपैकी काही सिलिकॉनमध्ये एकेक इलेक्ट्रॉन मोकळा करतात आणि शटर बंद होईपर्यंत ते साठत जातात. अशा पिक्सेलची साठवण ५० हजार इलेक्ट्रॉनांपासून पुढे असते. मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो. हिशेब सरळ राहावा म्हणून पुढे ५१,२०० धरले आहेत.

ही पूर्ण साठवण मिळते फक्त मूळ आयएसओला, म्हणजे इथे १०० ला. आयएसओ दुप्पट केला की वाचताना सिग्नल दुप्पट फुगवला जातो, त्यामुळे निम्म्या इलेक्ट्रॉनांवरच आकडा १६,३८३ ला टेकतो. आयएसओ ८०० ला छत ६,४०० इलेक्ट्रॉनांवर येते. आयएसओ ६४०० ला ८०० इलेक्ट्रॉनांवर. पिक्सेलमध्ये पन्नास हजारांची जागा रिकामी असताना ८०१ व्या इलेक्ट्रॉनाची नोंदच होत नाही.

ज्वाळेच्या मधल्या भागात हिरव्या पिक्सेलवर सुमारे ३,२०० आणि लाल पिक्सेलवर सुमारे ३,८०० इलेक्ट्रॉन जमले होते. हे कळले ते आयएसओ ८०० च्या फ्रेममधून: तिथे हिरव्याचा आकडा ८,४५० च्या आसपास, लालचा ९,९०० च्या आसपास, दोन्ही छताच्या बरेच खाली. आयएसओ ६४०० च्या फ्रेममध्ये दोन्हींची जागा १६,३८३ ने घेतली आहे, पिक्सेलमागून पिक्सेल तोच आकडा. ज्वाळांच्या जिभा, त्यांच्यातल्या काळसर फटी, वर उडणाऱ्या ठिणग्यांच्या रेषा, सगळे एका आकड्यात बुडाले.

चेहऱ्यांकडे या. आगीकडची बाजू मध्यम करड्याच्या आसपास होती: सुमारे १०० इलेक्ट्रॉन. पाठीमागची, अंधारातली बाजू तीन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मे): सुमारे १२ इलेक्ट्रॉन. आयएसओ ६४०० ला एका इलेक्ट्रॉनाचे जवळपास २० आकडे होतात, म्हणून फाइलमध्ये तिथे सरासरी ७५० दिसते. आयएसओ ८०० ला एका इलेक्ट्रॉनाचे अडीच आकडे, म्हणून तिथे ५४२. दोन्ही फ्रेममध्ये गालावरून आलेला प्रकाश तेवढाच आहे, कारण अ‍ॅपर्चर आणि शटर तेच होते. आयएसओचे बटण प्रकाश गोळा करत नाही. ते फक्त गोळा झालेला प्रकाश किती फुगवून लिहायचा हे ठरवते.

दाणा कुठून आला

प्रकाश ठरावीक कणांनी येतो आणि कण पावसाच्या थेंबांसारखे विखरून पडतात. सरासरी १२ कण येणाऱ्या शेजारच्या दोन पिक्सेलांपैकी एकावर ९ आणि दुसऱ्यावर १६ पडणे अगदी साहजिक आहे. या चढउताराचे प्रमाण सरासरीच्या वर्गमुळाइतके असते: १०० वर १०, १२ वर साधारण साडेतीन. यालाच शॉट नॉइज म्हणतात. हा प्रकाशाचाच गुण असल्याने कोणत्याही किमतीचा सेन्सर त्यातून सुटत नाही.

यावर सेन्सरची स्वतःची भर म्हणजे वाचनाचा नॉइज. पिक्सेल रिकामा असला तरी वाचताना आकडा थोडा हलतो. या कॅमेऱ्यात आयएसओ ६४०० ला तो सुमारे १.४ इलेक्ट्रॉन आणि ८०० ला सुमारे १.७ धरता येईल. दोन्ही नॉइज वर्ग करून बेरजेचे वर्गमूळ घेतले की एकूण नॉइज मिळतो. अंधाऱ्या गालासाठी सिग्नल आणि नॉइजचे गुणोत्तर आयएसओ ६४०० ला ३.२ आणि ८०० ला ३.१ येते.

या दोन आकड्यांवर सारे प्रकरण उभे आहे. आयएसओ तीन स्टॉप वाढवून अंधारात मिळाले सुमारे ३ टक्के; आणि त्या बदल्यात ज्वाळांच्या बाजूला तीन पूर्ण स्टॉपची जागा गेली. काळी दिसलेली फ्रेम रॉमध्ये तीन स्टॉप उचलून शेजारी ठेवली तर गालावरचा दाणा दोन्हींत सारखाच दिसतो. ज्वाळा मात्र एकीतच आहेत.

मग आयएसओ १०० का नाही? १०० ला वाचनाचा नॉइज जास्त असतो, अशा सेन्सरमध्ये ४ ते ६ इलेक्ट्रॉन. १२ इलेक्ट्रॉनांच्या गालावर ५ चा नॉइज म्हणजे गुणोत्तर थेट २ वर. आजच्या बऱ्याच सेन्सरांत पिक्सेलच्या आत दोन गेन, म्हणजे सिग्नल फुगवण्याच्या दोन पातळ्या असतात. ठरावीक आयएसओला कॅमेरा मोठ्या गेनवर जातो आणि वाचनाचा नॉइज एका पायरीत खाली येतो. २४ मेगापिक्सेलच्या काही सेन्सरांत ही पायरी ६४० ला आहे. त्या पायरीच्या लगेच वरचा आयएसओ हा अशा प्रसंगाचा योग्य आयएसओ: वाचनाचा नॉइज पडून गेलेला असतो आणि छत अजून उंच असते.

एक अट मात्र पक्की आहे. हे सारे फक्त रॉला लागू. आयएसओ ८०० चा जेपीजी तीन स्टॉप उचलायला गेलात तर आठ बिटांत सावल्यांना उरलेल्या मोजक्या पायऱ्या उघड्या पडतात आणि गाल तुकड्यातुकड्यांचा होतो. होळी पेटताच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल, तर आयएसओ ६४०० चा जेपीजी काढणेच शहाणपणाचे.

पिवळी आग, जांभळे गाल, तपकिरी मोरपिसे

रंगांच्या तक्रारीचे मूळ आगीच्या उजेडात आहे. लाकडाच्या ज्वाळेचा प्रकाश तापलेल्या काजळीच्या कणांतून येतो आणि त्याचे रंगतापमान १,९०० केल्विनच्या आसपास असते. त्या तापमानाला ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशाचे वीस कण येतात तेव्हा ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचा जेमतेम एक येतो. सेन्सरवरच्या बायर जाळीत, ज्याचे पेटंट कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये मिळाले, दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो. आगीपुढे त्यातला निळा पिक्सेल जवळजवळ उपाशी असतो.

ज्वाळेत लाल आधी छताला लागतो. त्यानंतर उजेड वाढला तरी लाल वाढत नाही, हिरवा मात्र वाढत राहतो, म्हणून नारिंगी रंग पिवळ्याकडे सरकतो. हिरवाही छताला लागला की पिवळा गोठतो. निळा वर येतच नाही, म्हणून आग पांढरी न होता पिवळीच अडकते. फोटोत नारिंगी कडा आणि आत एकसारखा पिवळा पट्टा दिसला, की दोन चॅनेल (लाल आणि हिरवा) गेले असे समजावे. शिवाय उन्हाच्या व्हाइट बॅलन्सला रूपांतरात लाल चॅनेल साधारण दुपटीने गुणला जातो. त्यामुळे जेपीजीत लाल आणखी एक स्टॉप आधीच संपतो, रॉमध्ये तो शाबूत असला तरीही. कॅमेऱ्याचा हिस्टोग्रॅम (गडद ते उजळ पिक्सेलांचा आलेख) जेपीजीवरून काढलेला असतो, म्हणून तोही इथे फसवतो. व्हाइट बॅलन्स ३,००० केल्विनवर बांधून ठेवला तर लालचा आलेख बराच खरा दिसतो.

गालाचे उलट. हिरव्यात १२ इलेक्ट्रॉन असताना निळ्यात दोन असतील तर भाग्य. तेवढ्यावर १.४ चा वाचनाचा नॉइज म्हणजे निळा चॅनेल निव्वळ आकड्यांची उसळी आहे. आता सॉफ्टवेअरमध्ये चेहरा ‘नैसर्गिक’ करायला व्हाइट बॅलन्स आगीच्या रंगाला नेला तर निळा कित्येक पटींनी गुणला जातो आणि ती उसळीही तेवढ्याच पटींनी. त्यात आणखी एक गोष्ट घडते. काळ्या पातळीच्या खाली जाणारे आकडे रूपांतरात शून्यावर छाटले गेले, की फक्त वरच्या उसळ्या उरतात, सरासरी खोटी वाढते आणि लाल-निळे गुणकार मोठे असल्याने सावली जांभळी होते. सावल्या जांभळ्या दिसल्या की काळी पातळी आणि गुणकार आधी तपासावेत. रंग दुरुस्त करायला हिरवा ओतत बसू नये.

मोरपिसांचा प्रश्न वेगळाच आहे. त्यांचा निळा रंगद्रव्याचा नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. आगीत निळा प्रकाशच नसल्याने परतायला काही नाही. ती तपकिरी-हिरवट दिसतात आणि तशीच दिसायला हवीत. व्हाइट बॅलन्सच्या पट्टीने तिथे निळा आणायचा प्रयत्न केला तर येतो तो नॉइजचा निळा.

पट्टे

तिसऱ्या तक्रारीचा उजेडाच्या प्रमाणाशी संबंध नाही. डावीकडच्या गर्दीवर खांबावरच्या एलईडी दिव्याचा उजेड होता. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. सायलेंट शटरमध्ये सेन्सरच्या ओळी एकदम वाचल्या जात नाहीत. वरून खाली एकेक ओळ वाचली जाते. १/२५० हे प्रत्येक ओळीचे एक्सपोजर, पण पूर्ण चौकट वाचायला लागणारा वेळ त्याहून कितीतरी जास्त. फोटोत पट्ट्यांच्या पाच जोड्या मोजता येतात. पाच जोड्या म्हणजे दिव्याचे पाच चढउतार, म्हणजे ५० मिलिसेकंद. या सेन्सरचा वाचनवेळ १/२० सेकंद आहे, हे पट्ट्यांवरूनच निघाले.

तेवढ्या वेळात नाचणाराही हलतो. उडी घेणाऱ्या माणसाचा टोप एका जागी आणि पाय दुसऱ्या क्षणातले, म्हणून त्याचे शरीर किंचित तिरके झाले आहे. ढोलाच्या गजरात सायलेंट शटरची गरजही नव्हती. मेकॅनिकल शटरचा पडदा साधारण १/२५० सेकंदात चौकट ओलांडतो. पट्ट्यांच्या जोड्या उरत नाहीत, फार तर एका फ्रेमपेक्षा दुसरी थोडी गडद येते. काही मॉडेलांत सायलेंट शटरला रॉ १४ ऐवजी १२ बिटची होते. कमी आयएसओला त्याचा फटका सावल्यांना बसतो. या कॅमेऱ्यात ती १४ बिटचीच राहिली.

सेन्सरच्या माथी मारलेला आणखी एक दोष लेन्सपुढे सापडला. चौकटीच्या मध्यापलीकडे, ज्वाळेच्या बरोबर उलट बाजूला एक फिकट उलटी ज्वाळा होती. सेन्सरवरून परतलेला प्रकाश यूव्ही फिल्टरच्या काचेवर आपटून पुन्हा आत आला होता. फिल्टर काढला की ती जाते. लेन्सच्या आतल्या काचांतून पसरणारा धूसर उजेड मात्र पुरता जात नाही. आगीसारखा प्रखर भाग चौकटीत असला, की तो सावल्यांवर पातळ पडदा धरतो आणि सेन्सरची कागदावरची डायनॅमिक रेंज (गडद ते उजळ टिपण्याचा आवाका) प्रत्यक्षात तेवढी मिळतच नाही. पुढची काच पुसलेली असणे इथे फार मोलाचे. धुरात आणि धुळीत ती दर थोड्या वेळाने पाहावी.

उष्णतेचा संशयही घेतला गेला होता. भुसावळच्या मे महिन्यात लांब एक्सपोजरला किंवा तासभराच्या व्हिडिओत तो रास्त आहे, कारण सेन्सर ६ ते ८ अंशांनी तापला की डार्क करंट (प्रकाशाविना, उष्णतेनेच मोकळे होणारे इलेक्ट्रॉन) दुप्पट होतो. पहाटेच्या गारव्यात १/२५० ला त्याचा हिशेब नगण्य.

काळ्या फ्रेममधून प्रिंट

छापायला आयएसओ ८०० ची फ्रेम निवडली. सरळ तीन स्टॉप एक्सपोजर वाढवले तर ज्वाळा पुन्हा उडतात, यावेळी सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून डार्कटेबल या रॉ प्रोग्रॅममध्ये क्रम असा ठेवला. काळी पातळी तपासली. व्हाइट बॅलन्स २,६०० केल्विनच्या आसपास थांबवला, म्हणजे आग नारिंगी आणि चेहरे उबदार राहतात, निळ्याचा गुणकारही आवाक्यात राहतो. एक्सपोजर सव्वादोन स्टॉप वर. सिग्मॉइड मॉड्यूलने वरचा भाग हळूहळू वळवला. आगीकडच्या चेहऱ्यांवर मास्क घालून आणखी अर्धा-पाऊण स्टॉप. पाठीमागच्या बाजू उचलल्याच नाहीत. बारा इलेक्ट्रॉनांत चेहऱ्याची ठेवण कळते, त्वचेचा पोत कळत नाही, आणि जे नोंदले गेलेच नाही ते दाखवायचा हट्ट धरला की प्रिंट बिघडते.

नॉइज रिडक्शनमध्ये रंगाचा नॉइज पुरता काढला, उजेडाचा अगदी थोडा. याला कारण आहे अंगावरची ठिपक्यांची नक्षी. पुढच्या नाचणाऱ्याच्या छातीवरचा ठिपका फाइलमध्ये दहा-बारा पिक्सेल रुंद आहे, तो टिकतो. मागच्या ओळीतल्या माणसाचा ठिपका दोन-तीन पिक्सेलांचा. डिनॉइजर, मग तो जुना असो वा एआयचा, एवढ्या लहान उजळ ठिपक्याला दाणाच समजतो आणि त्याची छाती गुळगुळीत करून टाकतो. पूर्ण रिडक्शन लावलेल्या चाचणीत मागच्या ओळीतली नक्षी अक्षरशः नाहीशी झाली होती. या वेशात ठिपके म्हणजे शोभेची गोष्ट नव्हे, ती त्या माणसाची त्या रात्रीची ओळख आहे. दाणा थोडा राहिला तर चालेल, नक्षी पुसली गेलेली चालणार नाही.

तसाही छापल्यावर दाणा पडद्यावरच्या १०० टक्क्यांइतका दिसत नाही. ६,००० पिक्सेल ३६ इंचात म्हणजे इंचाला १६६ पिक्सेल. दीड मीटरवरून चांगली नजर सुमारे ०.४४ मिमीपर्यंतचा तपशील वेगळा पाहते, तेवढ्यात जवळजवळ तीन पिक्सेल मावतात. म्हणजे डोळा आठ-नऊ पिक्सेलांची सरासरी घेतो आणि गुणोत्तर जवळपास तिप्पट होते: अंधाऱ्या गालाचे ३ चे ९. पडद्यावर २०० टक्के मोठे करून घाबरण्यापेक्षा त्याच मापातला ६ बाय ८ इंचाचा तुकडा छापून दीड मीटरवरून पाहावा. त्या तुकड्यात ज्वाळेची कड आणि एक अंधारा गाल दोन्ही यायला हवेत. फ्लेक्सवर छापणार असाल तर गडद नारिंगी शाईच्या आवाक्याबाहेर जातो. लॅबकडून प्रोफाइल (छपाईच्या रंगांची माहिती देणारी फाइल) घेऊन आधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचे रंग पडद्यावरच, पाहावा.

पुढच्या होळीला

आयएसओ बदलून ज्वाळा वाचतात, पण गालावरचे १२ इलेक्ट्रॉन १२ च राहतात. ते वाढवायचे मार्ग तीनच: छिद्र मोठे करणे, वेळ वाढवणे, उजेडाजवळ जाणे.

एफ २.८ ऐवजी एफ १.८ म्हणजे २.४ पट प्रकाश. १/२५० ऐवजी १/१२५ म्हणजे दुप्पट. दोन्ही मिळून १२ चे सुमारे ५८ इलेक्ट्रॉन होतात आणि गुणोत्तर ३ वरून साडेसातच्या आसपास जाते. कोणत्याही नव्या बॉडीने एवढी सुधारणा मिळणार नाही. याची किंमत हालचालीच्या धूसरपणात मोजावी लागते. सहा मीटरवर सेकंदाला एक मीटर वेगाने सरकणारा माणूस ३५ मिमी लेन्समधून १/१२५ ला जवळपास ८ पिक्सेल घासतो, १/२५० ला ४. ३६ इंची प्रिंटवर ते अनुक्रमे १.२ आणि ०.६ मिमी. पहिला धूसरपणा नजरेत येतो. म्हणून १/१२५ ठेवायचे तर क्षण निवडावा: पाय टेकल्यावर, गिरकीच्या टोकाला, ढोलाच्या ठोक्यावर अंग थबकते तेव्हा. भरधाव घोळक्याला १/२५० च बरे. ज्वाळाही अशा वेळी अडीच ते पाच पट उजळ नोंदल्या जातात, हे विसरू नये. आयएसओ ८०० चे छत ६,४०० चे आहे, म्हणून एफ १.८ ला आयएसओ ६४० वर किंवा पायरी खाली असेल तर ४०० वर यावे आणि ज्वाळेचा गाभा थोडा गेला तर जाऊ द्यावा. गाभ्यात तसाही तपशील कमी, आकार कडांना असतो.

कॅमेरा मॅन्युअलवर, रॉ १४ बिट, मेकॅनिकल शटर, केल्विन ३,०००, फिल्टर काढलेला. मिररलेसमध्ये लाइव्ह व्ह्यूवर सेटिंगचा परिणाम दाखवणारा पर्याय बंद करावा, म्हणजे व्ह्यूफाइंडर उजळ राहतो आणि फोकस साधता येतो. फोटो मात्र मुद्दाम कमी एक्सपोज केलेलाच येतो. काढलेला फोटो पडद्यावर काळा दिसेल, त्याला घाबरून आयएसओ चढवू नये. ब्रॅकेटिंग करून, म्हणजे वेगवेगळ्या एक्सपोजरला काढून, दोन फ्रेम जोडायचा नाद सोडावा. ज्वाळा आणि माणसे दोन्ही हलतात. फ्लॅशही नको. त्याचा थंड उजेड आगीचा सारा रंग मारतो आणि विधीच्या मध्ये पांढरा झोत मारणे योग्यही नाही. कुठवर जायचे ते गावकऱ्यांना विचारून ठरवावे आणि रिंगणाच्या बाहेरूनच काम करावे.

गर्दीतल्या मोबाइलांत ज्वाळा बऱ्या आल्या, हे पाहून अनेकांना नवल वाटते. १/१.३ इंची सेन्सरचे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या साधारण बाराव्या हिस्स्याइतके. पण फोन मुद्दाम कमी एक्सपोज केलेल्या अनेक फ्रेम एकावर एक रचतो, म्हणजे ज्वाळांसाठी छत उंच ठेवून सावल्या सरासरीने भरतो. वर सांगितले तेच तत्त्व, फक्त आपोआप. हलणाऱ्या हातांचे आणि घुंगरांचे मात्र त्यात मेणासारखे लोळे होतात.

आगीपासूनचे अंतरही हाताशी आहे. नाचणारा सहा मीटरवरून तीन मीटरवर आला तर त्याच्यावर चौपटीपर्यंत उजेड पडतो. आग मोठी असल्याने प्रत्यक्षात थोडा कमी. आग चौकटीच्या एका कडेला घेऊन घोळका तिच्या जवळून वळतो ती जागा धरावी.

सर्वांत मोठी मदत आकाशाची. होळीची पौर्णिमा असली तरी चंद्राचा उजेड एका लक्सच्या (लक्स हे उजेडाचे एकक) तिसऱ्या हिस्स्यापलीकडे जात नाही, आगीपुढे तो नसल्यात जमा. पहाटेचा मात्र असतो. मार्चच्या मध्यावर या भागात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास आणि नागरी संधिप्रकाश त्याआधी बावीस-तेवीस मिनिटे सुरू होतो. सुरुवातीला तीन-साडेतीन लक्स, पण सूर्योदयाला दहा-बारा मिनिटे उरली असताना आकाशातून तीस-चाळीस लक्स येऊ लागतात. दरीत डोंगर आकाश झाकतो म्हणून थोडे कमी. अंधाऱ्या गालावर मुळात सुमारे १० लक्स होते. त्यात ३० ची भर पडली तर १२ चे ४८ इलेक्ट्रॉन होतात, तेही छिद्र न बदलता. आणि हा उजेड निळ्याने भरलेला असतो. उपाशी निळा पिक्सेल भरतो, सावल्यांचा जांभळा दाणा विरतो, मोरपिसांना त्यांचा रंग मिळतो. तोपर्यंत होळी धगधगती असेल तर त्या दहा-बारा मिनिटांसाठी कार्ड आणि बॅटरी राखून ठेवावी.

आपल्या कॅमेऱ्याची गेनची पायरी कुठे आहे, हे आधी घरी शोधता येते. लेन्सला झाकण लावा, कॅमेरा डीएसएलआर (आरशाचा) असेल तर व्ह्यूफाइंडरही झाका. शटर १/२५०, मेकॅनिकल. आयएसओ १०० पासून प्रत्येक तृतीयांश स्टॉपला एक रॉ काढत ६४०० पर्यंत जा. रॉडिगरमध्ये प्रत्येक फाइलच्या मध्यभागी तोच चौकोन घेऊन हिरव्याचे स्टँडर्ड डेव्हिएशन वाचा आणि त्याला त्या आयएसओने भागा. भागाकार हळूहळू उतरत जातो आणि एका जागी एकदम पडतो. ती पायरी. पडताळ्यासाठी संध्याकाळी खोलीत एक दिवा लावून, छिद्र आणि शटर न बदलता, पायरीच्या आयएसओला आणि ६४०० ला एकेक फ्रेम काढा, पहिली सॉफ्टवेअरमध्ये उचलून बरोबरीला आणा आणि सावलीतला तोच कोपरा शेजारी ठेवून पाहा. दाणा सारखा आणि दिव्याची काच पहिल्या फ्रेममध्ये शाबूत असेल, तर तो आयएसओ कॅमेऱ्याच्या कस्टम मोडमध्ये साठवून ठेवा.